स्पीडब्रेकरवर ‘धप्प’ वाजतंय? शॉकअप बदलण्याआधी रबर बघा

पंधरा वर्षं झालेली गाडी ठेवायची की काढायची, या प्रश्नाने सध्या सोलापुरातल्या बऱ्याच घरांत चर्चा रंगते. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या खासगी कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. आरटीओत तपासणीला न्यायची वेळ आली की माणूस गाडीकडे पहिल्यांदा नीट बघतो. रंग बघतो, टायर बघतो, दिवे लावून बघतो. वाकून खाली मात्र कोणी बघत नाही, आणि जुन्या गाडीचं खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

आमची गाडी २००९ सालची, छोटी हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी डाव्या पुढच्या चाकाकडून स्पीडब्रेकरवर ‘धप्प’ असा आवाज यायला लागला. एका गॅरेजात दाखवली, त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. बिल भरलं, गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुन्हा ‘धप्प’. पुढच्या सहा महिन्यांत तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचं काम, केलं. तरी टायर आतल्या कडेने झिजतच राहिला. शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी गाडी चालवून बघितली नाही की बॉनेट उघडलं नाही. गाडी उचलून स्टँडवर ठेवली, खाली बॅटरी मारली आणि मला आत वाकून बघायला सांगितलं. “मालक, शॉकअप एकदम नवं हाय. आवाज ह्या रबरातनं येलालाय.”

ते रबर म्हणजे बुश. त्याला हात लावून बघेपर्यंत मला त्याचं कामच ठाऊक नव्हतं.

बुश म्हणजे काय, आणि तो फिरत का नाही

चाक थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं नसतं. मध्ये लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या एका टोकाला चाकाची बाजू, दुसऱ्या टोकाला सांगाडा. खड्डा आला की चाक वर-खाली होतं, म्हणजे हा हात सांगाड्याच्या टोकाशी वर-खाली हलला पाहिजे. दाराला बिजागरी असते तसा तिथे सांधा हवा. पण लोखंडावर लोखंड ठेवलं तर प्रत्येक खडा आपल्या कानात वाजेल. म्हणून त्या सांध्यात बुश बसवतात: बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, आणि दोघांच्या मधे घट्ट चिकटवलेलं जाड रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती नळी सांगाड्याला करकचून आवळली जाते. बाहेरचं कडं आर्ममध्ये दाबून बसवलेलं असतं.

आता यातली खरी गंमत. आपल्याला वाटतं, बोल्टभोवती बुश फिरत असेल. तो फिरत नाही. नळी सांगाड्याला आवळलेली, कडं आर्मला धरून बसलेलं, मग हालचाल होते कुठे? रबराच्या अंगात. आपला सोलापुरी टॉवेल दोन्ही टोकांना धरून पिळा. हात कुठेही घसरत नाहीत, पीळ बसतो तो मधल्या कापडाला. सैल सोडला की टॉवेल पुन्हा सरळ. रबर प्रत्येक खड्ड्यावर असंच थोडं पिळलं जातं आणि मूळ जागी येतं. दिवसातून हजारो वेळा, वर्षानुवर्षं, तेलपाणी न मागता. हा पीळ लक्षात ठेवा. पुढे बुश बसवताना सगळा खेळ याच्यावरच आहे.

असे बुश गाडीत एक-दोन नसतात. लोअर आर्मला सहसा दोन, गाडी वळणावर कलू नये म्हणून आडवा दांडा असतो त्या स्टॅबिलायझरला दोन, मागच्या अॅक्सलला आणखी काही. शॉकअपच्या डोक्यावर जे माउंटिंग असतं तेही या बुशचंच भावंड. सगळ्यात जास्त मार खातो तो लोअर आर्मचा मागचा बुश, कारण ब्रेक दाबला की चाकाला मागे ओढणारा जोर त्याच्या वाट्याला येतो.

रबर म्हातारं कसं होतं

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. गंधक घालून तापवलं तर ते लवचीक आणि टिकाऊ होतं, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरच्या हाती लागलं. आजचा बुशही त्याच वाटेने बनतो. पण हे टिकाऊपण कायमचं नाही. हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांत घुसून त्यांना हळूहळू कडक करतो, ओझोन ताणलेल्या भागावर चिरा पाडतो. आणि उष्णता या सगळ्याला घाई करते. रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशोब सांगतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, वरून इंजिनची धग. घरातली कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही, वाफ बाजूने जाते. ती रिंग रोज काही मिनिटंच तापते. बुश उन्हाळाभर तापतो.

म्हणून “गाडी फक्त चाळीस हजार चाललीय, बुश कसा जाईल?” हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. किलोमीटर कमी असले तरी वर्षं झालेलीच असतात. उलट वर्षभर अंगणात उन्हात उभी राहून फक्त नवरात्रात तुळजापूरला आणि आषाढीच्या आगेमागे पंढरपूरला जाणाऱ्या गाडीचं रबर आतून कोरडं पडलेलं मी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आपण स्वतः पैसे देऊन करतो. वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की “खालून ऑइल मारू का?” असं विचारतात, आणि आपण मान डोलावतो. जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल खालून फवारलं जातं. गंज लागू नये हा हेतू चांगला आहे, पण नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही. तेल शोषून ते फुगतं, मऊ पडतं, लोखंडापासून सुटायला लागतं. दोन-चार दिवस कुईकुई बंद होते म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते. कृपा करून हे थांबवा. गंजाची काळजी असेल तर पत्र्यावर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या आणि बुश झाकून ठेवायला सांगा.

आवाजावरून काय कळतं

लूमवर काम केलेल्या माणसाला धोट्याच्या आवाजावरून कळतं की कुठलं लूम बिघडलंय. गाडीचंही तसंच आहे, फक्त कान द्यावा लागतो. काचा वर, पंखा आणि गाणी बंद, आणि रिकाम्या रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने एका बाजूचं चाक स्पीडब्रेकरवरून न्या. मग दुसऱ्या बाजूचं.

जड, बोथट ‘धप्प’ आला, विशेषतः ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये निघताना, तर संशय लोअर आर्मच्या बुशवर. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत ‘कडकड’ होत असेल तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक, म्हणजे त्या आडव्या दांड्याला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी काडी. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की वर ‘टणक’ असा आवाज, तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग. आणि शॉकअप खरंच गेला असेल तर आवाजाआधी झोका दिसतो: खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहते, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. माझ्या गाडीत ना झोका होता, ना तेल. तेव्हा एवढं ठाऊक असतं तर शॉकअपचे पैसे वाचले असते.

स्पीडब्रेकरचाही इथे वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट टेकडीसारखा हवा, २५ किलोमीटरच्या वेगाने सहज पार होणारा. गल्लीबोळांत आपण जे रात्रीत बांधलेले अरुंद, उभे उंचवटे ओलांडतो, त्यांचा सगळा ठोका या रबरावर बसतो.

गाडीखाली बघताना

आवाज फक्त दिशा दाखवतो. खात्री डोळ्यांनी आणि हातानेच करावी लागते. त्याआधी एक गोष्ट निक्षून सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. दगड, विटा, लाकडी ठोकळे रचूनही नको. सपाट जागा, उरलेल्या चाकांना अडण, आणि लोखंडी स्टँड. हे नसेल तर सरळ रॅम्प असलेल्या गॅरेजात जा आणि तिथे उभं राहून बघा.

जुन्या बुशवर केसासारख्या बारीक चिरा दिसतीलच. पन्नाशीतल्या चेहऱ्यावर सुरकुत्या असाव्यात तशा. तेवढ्यावर तो बाद होत नाही. बघायचं असतं ते हे: रबर लोखंडापासून सुटलंय का, आरपार फाटलंय का, आतली नळी मध्यभागी आहे की एका बाजूला बसलीय. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, आर्म आणि सांगाड्याच्या मधे घालून हलकेच रेटायची. चांगलं रबर थोडं दबतं आणि परत येतं. गेलेल्या बुशमध्ये आर्म मोकळा सरकतो, कधी लोखंडाला लोखंड लागल्याचं ‘टक’ ऐकू येतं. माझ्या गाडीत टॉमी टेकवताच आर्म असा सरकला, जणू तिथे रबर नव्हतंच.

इथे चांगले चांगले फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. काही बुशमध्ये कारखान्यातच मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. पुढे-मागे रबर मऊ लागावं आणि आडव्या दिशेने घट्ट, यासाठी. त्या खाचा बघून “फाटलं की हे” म्हणणारे खूप भेटतील. ओळखायची खूण सोपी आहे. मुद्दाम ठेवलेल्या खाचेच्या कडा गुळगुळीत, गोलसर आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात. फाटलेलं रबर वेडंवाकडं, दातेरी, आतून फिकट दिसतं. शंका आली तर उजवा आणि डावा बुश शेजारी ठेवल्यासारखे ताडून बघा. काही गाड्यांच्या बुशमध्ये आत द्रवही भरलेला असतो. अशा बुशवर ओला डाग दिसला की तो संपला.

उचललेल्या चाकाला वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग बघायचं. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक. हे दोन्ही बुशपेक्षा तातडीचं काम, कारण बॉल जॉइंट सुटला तर चाकच आडवं होतं.

“अलाइनमेंट केलं की होईल ना?”

नाही होणार, आणि त्याचं कारण कळलं तर पुढचे बरेच पैसे वाचतील. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. उभ्या गाडीत फाटका बुशही शांत बसलेला असतो, म्हणून पडद्यावर आकडे हिरवे येतात. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म काही मिलिमीटर मागे सरकतो, चाकाचं तोंड वळतं, ब्रेक सोडला की परत येतं. मशीनने माप बरोबरच घेतलेलं असतं, पण ती गाडी चालती नसते.

तोंड वळलं म्हणजे किती? चाक एक अंशाने जरी आत-बाहेर राहिलं, तरी दर किलोमीटरला ते साधारण १७ मीटर आडवं घासत जातं. सोलापूरहून पुणं धरा अडीचशे किलोमीटर. तेवढ्या प्रवासात टायर चार किलोमीटरहून जास्त आडवा फरफटतो. पाय वाकडे टाकणाऱ्याची चप्पल एकाच कडेने झिजते ना, अगदी तेच. म्हणून क्रम असा: आधी बुश, मग अलाइनमेंट. बुश बदलल्यावर अलाइनमेंट लागतंच, ते टाळू नका.

“चालतेय की गाडी, आवाजच तर आहे”

मीही सहा महिने हेच म्हणत होतो. मग एकदा हैदराबाद रस्त्यावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक दाबला. मीही दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. स्टिअरिंग सरळ धरलेलं होतं. एका बाजूचा बुश धड आणि दुसऱ्या बाजूचा गेलेला असेल तर ब्रेकच्या वेळी दोन चाकं दोन दिशांना बघतात. बायको आणि मुलगी मागे बसल्या होत्या. त्या दिवशी मला आवाज आणि धोका यातला फरक कळला. शहरात चाळीसच्या वेगाला जे फक्त खटकतं, ते ऐंशीच्या वेगाला गाडीची रेघ बदलतं.

बसवतानाची एक चूक, जी जवळपास सगळीकडे होते

जुना बुश काढणं हे ताकदीचं काम. प्रेस मशीनवर दाबून काढतात, नाहीतर कडं हॅक्सॉने कापून. काही ठिकाणी गॅसने रबर जाळून काढतात. ते करू देऊ नका. धूर वाईट असतो आणि तापलेल्या आर्मची ताकद कमी होऊ शकते, अॅल्युमिनियमचा असेल तर नक्कीच. नवा बुश घालताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, आतल्या नळीवर किंवा रबरावर नाही. घणाने ठोकला तर कडं चेपतं आणि नवाच बुश पहिल्या दिवसापासून अर्धा गेलेला असतो. सरकायला काही लावायचंच असेल तर साबणाचं पाणी, ग्रीस नाही. खाचा असलेल्या बुशवर बहुधा खूण असते. ती जुन्याच्या जागेशी जुळली पाहिजे, नाहीतर मऊ बाजू चुकीच्या दिशेला येते.

हे सगळं नीट करूनही बुश वर्षभरात फाटल्याच्या तक्रारी ऐकू येतात. मालक म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो रस्ते खराब. बऱ्याचदा कारण तिसरंच असतं: बोल्ट कधी आवळला.

गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबतं, त्याबरोबर आर्मही खाली झुकलेला. फिटर त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळतो, कारण तेव्हा पाना सहज फिरतो. आता नळी सांगाड्याला पकडली गेली. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, पण नळी जागची हलत नाही. रबर पिळलं जातं. आर्मची लांबी तेहेतीस सेंटिमीटर आणि चाक नऊ सेंटिमीटर लोंबलेलं धरलं, तर हा पीळ पंधरा-सोळा अंशांचा होतो. म्हणजे गाडी घरासमोर उभी असतानाही रबर पिळलेलंच. वर खड्ड्यांचा पीळ वेगळा. टॉवेल पिळून तसाच दोरीवर बांधून ठेवला, वर्षभर, तर धागे तुटणारच.

उपाय फुकट आहे. बोल्ट हाताने बसेल इतपतच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून बसू द्यायचा, आणि मग शेवटचं आवळायचं, जमलं तर टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), त्या गाडीला दिलेल्या मापाइतकं. खाली हात पुरत नसेल तर रॅम्पवर आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं. मी हे अण्णांना विचारलं तेव्हा ते हसले. “हे विचारणारा गिऱ्हाईक येत नाय मालक. येळ लागतो म्हणून लोक तसंच कसतात.” तुम्ही विचारा. “काका, शेवटचं खाली उतरवून आवळा बरं का,” एवढं एक वाक्य आदराने म्हटलं की काम जाणणारा माणूस लगेच समजतो.

नुसता बुश की अख्खा आर्म?

छोट्या गाडीचा बुश काही शे रुपयांत मिळतो, अख्खा आर्म त्याच्या कितीतरी पटीत. बॉल जॉइंट ठणठणीत असेल, आर्म वाकलेला-गंजलेला नसेल आणि जवळ प्रेस असलेलं वर्कशॉप असेल तर नुसता बुश घाला. सोलापुरात ट्रक-ट्रॅक्टरची कामं करणाऱ्यांकडे प्रेस मिळतेच. बॉल जॉइंटही सैल असेल तर मजुरी दोनदा देण्यापेक्षा आर्मच घेतलेला बरा. काहीही घ्या, दोन्ही बाजूंचं घ्या. एक नवं, एक जुनं ठेवलं की ब्रेकच्या वेळी गाडी ओढायचं कारण आपणच तयार करतो.

पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयू बुश “आयुष्यभर टिकतात” असं सांगून विकले जातात. ते कडक असतात आणि बहुतेकांत रबरासारखा पीळ नसतो, नळी आत सरकून फिरते, म्हणून ग्रीस लागतं. आपल्या धुळीत ते ग्रीस सुकलं की किरकिर सुरू. शर्यतीच्या गाडीला ठीक. आजीला घेऊन अक्कलकोटला जाणाऱ्या गाडीला मी कंपनीचं साधं रबरच घालीन.

जुन्या गाडीवर खर्च करावा का

सांगाडा गंजलेला असेल, बुशच्या जागचा पत्राच कुजलेला असेल, तर नाही. तिथे नवा बुश धरायलाच काही नसतं. पण इंजिन चांगलं, पत्रा शाबूत, आणि त्रास फक्त खडखडाटाचा असेल तर हे काम एका नव्या टायरच्या आसपासच्या पैशात बसतं, आणि तो टायर वाचवतंही.

काम झाल्यावर जुने बुश मागून घ्या, आपल्या समोर बघा. मी अण्णांकडून घेतले. डाव्याचं रबर नळीपासून पूर्ण सुटलं होतं, बोटाने नळी गरागरा फिरत होती. उजव्याचं अर्धं. घरी येताना मुद्दाम त्याच स्पीडब्रेकरवरून गाडी घातली. ‘धप्प’ नव्हतं. त्याच्याखाली इतके दिवस दबलेली एक बारीक ‘कडकड’ मात्र ऐकू आली, मागून उजवीकडून. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा स्टँडवर चढणार आहे.